आईचे एम.लिब.चे रविवार

बोलक्या माणसांकडे किस्से टिकत नाहीत. घडला की लगेच कुणाला तरी सांगून मोकळे! माझं उलट आहे. मी फार बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडचे किस्से नुसते साठत जातात. वर्गात माझ्या शेजारी बसणारी सानिका एकदा म्हणाली, "तू रविवारी काय करतेस गं?" मी म्हटलं, "काही नाही." ती दुसरीकडे वळली. खरं तर त्या "काही नाही"मध्ये केवढं तरी होतं.

ते रविवार आईच्या क्लासचे. आई इथे रत्नागिरीतल्याच एका शाळेच्या लायब्ररीत टेंपररी होती आणि नोकरी सांभाळून ग्रंथालयशास्त्रातलं एम.लिब. करत होती. दर रविवारी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्यांचं टेक्नॉलॉजीचं ट्रेनिंग असायचं. बाबा जहाजावर, घरी दुसरं कोणी नाही, म्हणून मीही आईबरोबर जायचे. माझी जागा ठरलेली. सगळ्यात मागची खुर्ची, बंद पडलेल्या कॉम्प्युटरसमोर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. दापोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची कायम जागा होती. डिग्री पूर्ण झाली, आणि मुख्य म्हणजे कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल सुटलं, तर ती आईची. दापोलीला रेल्वे नाही. एसटीने जायचं तर अर्धा दिवस त्यातच जातो, म्हणजे रोज ये-जा शक्य नाही. आणि माझी दहावी, त्यामुळे मी शाळा बदलायची नाही असं ठरलेलं. थोडक्यात, आई पास झाली की आई दापोलीला, बाबा समुद्रावर आणि मी आत्याकडे.

आई पास व्हावी असं मला अगदी मनापासून वाटायचं. होऊ नये असंही वाटायचं. त्यामुळे लॅबमध्ये काही गडबड झाली की मी हसायचे, पण धड हसता यायचं नाही.

*

पहिला मान शितप काकांचा.

काका लांज्याकडच्या एका हायस्कूलची लायब्ररी बघायचे. क्लासमध्ये सगळ्यांत मोठे. रिटायर व्हायला आले तरी डिग्री घ्यायचीच म्हणून आलेले. आणि शिकवायला चौगुले सर, कोल्हापूरचे, काकांच्या मुलाच्या वयाचे.

लायब्ररीवाल्यांची एक जुनी पद्धत असते. शिक्का पुस्तकाच्या पहिल्या पानावर तर मारतातच, पण आत एका ठरलेल्या पानावरही मारतात. त्याला म्हणतात गुप्त पान. चोराने पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कोणाचं ते कळावं म्हणून. ते पान कितवं, हे फक्त लायब्ररीवाल्याला माहीत.

तर सरांनी सगळ्यांना पुस्तकांचे गठ्ठे दिले, बारकोडचे स्टिकर दिले आणि सांगितलं, "प्रत्येक पुस्तकाला एक लावा. मग आपण स्कॅन करू."

थोड्या वेळाने सर स्कॅनर घेऊन काकांकडे आले. पुस्तक पुढून बघितलं, मागून बघितलं.

"ओ काका, बारकोड कुठं लावलाय?"

"लावलाय सर."

"मला दिसंना."

"दिसायचा नाय," काका समाधानाने म्हणाले. "गुप्त पानावर लावलाय."

सरांनी स्कॅनर खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं, पान कितवं?"

काकांनी आजूबाजूला बघितलं. आईकडे, तिच्या शेजारी बसणाऱ्या मुबीनाताईकडे, माझ्याकडेसुद्धा. आणि आवाज बारीक करून म्हणाले, "सर, असा सगळ्यांदेखत कसा सांगू?"

त्या दिवशी काकांचं प्रत्येक पुस्तक स्कॅन करायच्या आधी सरांना कान पुढे करावा लागला!

*

सॉफ्टवेअर शिकायचं तर पुस्तकं लागतात, तसे वाचकही लागतात. सर म्हणाले, "डमी मेंबर तयार करा. नाव कायबी टाका. अबक टाका, चालतंय की."

पण ही सगळी लायब्ररीतली माणसं. खोट्या माणसाला मेंबर करायला कोणाचा हात धजेना. मुबीनाताई इथल्याच राजिवड्याची, क्लासमधली सगळ्यांत लहान. ती म्हणाली, "सर, नसलेल्या माणसाला कार्ड कसं द्यायचं? उद्या तो आला तर?"

"येत न्हाई ओ तो!"

"तेच म्हणते मी. येत नाही, तर कार्ड कशाला?"

मग सगळ्यांनी हळूच मागे वळून बघितलं. खरं नाव, खरा पत्ता आणि रविवारी दुसरं काहीही काम नाही, अशी लॅबमध्ये एकच व्यक्ती होती.

प्रत्येकाने आपापल्या कॉम्प्युटरवर मला मेंबर करून घेतलं. मग इश्यूची प्रॅक्टिस. माझ्या नावावर ट्रॅक्टर दुरुस्ती गेलं, शेळीपालन गेलं, हृदयरोगावरचं एक जाडजूड पुस्तक गेलं. नंतर मुदत संपलेल्या वाचकांना मेसेज पाठवायची प्रॅक्टिस. संध्याकाळी आम्ही घरी आलो तर आईच्या फोनवर एकामागून एक मेसेज वाजायला लागले. "प्रिय मीनल, आपण बऱ्याच दिवसांत आला नाहीत. आम्ही आपली वाट पाहत आहोत."

माझ्या वाढदिवसालाही फोन एवढा वाजला नव्हता.

आई म्हणाली, "डिलीट करून टाकू का गं सगळे?"

मी म्हटलं, "राहू देत."

*

पासवर्डचा किस्साही काकांचाच.

सरांनी दोन तास खर्च करून सगळ्यांना पासवर्डचं महत्त्व पटवलं. अवघड ठेवा, कोणाला सांगू नका, कॉम्प्युटरवर चिकटवू नका. काका मान डोलावत होते.

पुढच्या रविवारी काका आलेच नाहीत, आणि नेमकी त्यांची फाइल हवी होती. सरांनी फोन लावला.

"काका, पासवर्ड विसरला न्हाईसा न्हवं?"

"विसरतोय कशाला? लिहून ठेवलाय की लॅबमध्ये."

"लॅबमध्ये? कुठं?"

लॅबच्या कोपऱ्यात जुन्या लायब्ररीचं कार्डांचं कपाट पडलेलं होतं. छोट्या छोट्या खणांचं. काका फोनवरून म्हणाले, "त्यात 'प'च्या खणात बघा."

सरांनी खण ओढला. 'प'मध्ये, अगदी बरोबर जागी, सुवाच्य अक्षरात कार्ड होतं. "पासवर्ड." खाली पासवर्ड! आणि मुबीनाताईने सहज म्हणून 'स'चा खण उघडला, तर तिथेही एक कार्ड. "संकेतशब्द. पहा : पासवर्ड."

सर फोनवर ओरडले, "ओ काका, हे लपवायचं असतंय!"

पलीकडून काका शांतपणे म्हणाले, "लपवू कसा? शोधणाऱ्याला सापडाया नको?"

*

एक अगदी छोटा.

एकदा सर म्हणाले, प्रत्येकाने एकेक फोटो अपलोड करायचा आणि त्याची सगळी माहिती भरायची. आईने बाबांचा टाकला. पांढऱ्या गणवेशात, मागे जहाज.

माहिती भरताना एक रकाना आला, "सद्यस्थिती." त्यात चारच पर्याय होते. उपलब्ध, बाहेर दिलेले, दुरुस्तीत, गहाळ. मुबीनाताई आईच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "सुजाताताई, आता काय टाकणार?" दोघी खूप हसल्या. आईने "बाहेर दिलेले" टाकलं. लगेच सॉफ्टवेअरने विचारलं, परतीची तारीख?

"सर, हे रिकामं ठेवता येतं का?"

"न्हाई मॅडम. भाईर गेलंय म्हटल्यावर परत कधी, ते पायजेच."

मागून शितप काका म्हणाले, "गणपतीची टाक गो. गणपतीला सगळे येतात!"

आईने गणपतीची टाकली. गणपती आले, गेले. दुसऱ्या दिवसापासून सॉफ्टवेअर बाबांना लाल रंगात दाखवायला लागलं.

*

आता थोडं आईबद्दल. आईचं सगळं बरोबर असायचं, पण ती सावकाश टाइप करायची. एकेक अक्षर शोधून, तांदूळ निवडल्यासारखं. एका रविवारी सर तिला म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण या स्पीडनं प्रॅक्टिकल राहतंय बघा."

शितप काका म्हणाले, "सुजाता, तुझी दापोली बोटात अडकलीय गो!"

सगळे हसले. मला एकदम हलकं वाटलं. आणि मग आईचं तोंड दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून आईने घरी बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर प्रॅक्टिस सुरू केली. मी वाचायचं, तिने टाइप करायचं. मी माझं भूगोलाचं पुस्तक घेतलं. कोणी आपण बोलतोय त्यातला शब्द न् शब्द टिपून घेतंय, हे मला नवीन होतं. सुरुवातीला मी मुद्दाम हळू वाचायचे. पण आई म्हणायची, "वाढव, वाढव." रोज ती थोडी पुढे जायची, आणि रोज दापोली थोडी जवळ यायची.

एकदा ती इतकी तंद्रीत होती की कानावर पडेल ते बोटांतून जात होतं. मी वाचत होते आणि तेवढ्यात दारात मासेवाली आली. तिला दुसऱ्या दिवशी ये म्हणून सांगितलं, मी पुढे वाचलं, आणि शेवटी आम्ही दोघींनी मिळून टाइप झालेलं तपासलं.

"कोकण किनाऱ्यावर जांभा खडक मोठ्या प्रमाणावर आढळतो गो बाय बांगडे ताजे फडफडीत आहेत."

मी म्हटलं, "आई, हे काय!"

आईने एकदा वाचलं आणि म्हणाली, "चूक दाखव बघू एक तरी."

खरंच एकही नव्हती. मला तेव्हाच कळलं, ही पास होणार.

*

पावसाळ्यात आंबा घाटात दरड आली आणि सर कोल्हापुरातच अडकले. त्यांनी निरोप पाठवला, "रविवारी ऑनलाइन घेऊ. सगळ्यांनी जॉइन व्हा."

रविवारी सगळे जॉइन झाले. लॅबमध्ये येऊन!

घरी रेंज नाही हे एक कारण. दुसरं म्हणजे रविवारी लॅब चुकवायची त्यांना फारशी सवय नव्हती. शितप काका तर भर पावसात लांज्याहून दोन गाड्या बदलून ऑनलाइन क्लासला आले. सगळे एका रांगेत, आपापल्या कॉम्प्युटरवर, आपापला स्पीकर मोठा करून. सरांनी "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि ते एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं बराच वेळ लॅबभर फिरत राहिलं.

"उत्तर येतंय त्यांनी हात वर करा," सर म्हणाले.

काकांनी केला.

"काका, हात वर करा की."

"केलाय सर."

"मला दिसत न्हाई."

काकांनी दुसराही केला. तरी दिसेना म्हणून उभे राहिले. स्क्रीनवर आता फक्त काकांचं पोट.

सर कंटाळून म्हणाले, "जाऊ दे. मीनल, मागं तू बसलीयेस न्हवं? तू तरी सांग बाई, माझा आवाज येतोय का?"

मी मान हलवली.

"ही म्यूट हाय काय?"

"नाय सर," काका म्हणाले, "ती तशीच हाय."

सगळे हसले. मीही हसले. कोणाला ऐकू गेलं नसावं.

*

प्रॅक्टिकल झालं, निकाल लागला, आई पास झाली. सगळेच पास झाले. काकांनी गावाहून फणस आणला, मुबीनाताईने बिर्याणी आणली आणि लॅबमध्ये खायला बंदी म्हणून सगळे जिन्यावर बसून जेवले. सर म्हणाले, "आता पुन्हा बॅच यायची, पण तुमच्यासारखी न्हाई." मुबीनाताईने सगळ्यांचा ग्रुप केला. पहिले काही दिवस त्यावर खूप बोलणं झालं, आता कोणीतरी सकाळी फुलं टाकतं तेवढंच.

आई दापोलीला गेली. मी आत्याकडे राहते. आत्या प्रेमळ आहे. जेवायला मला आधी वाढते, आणि माझ्या अभ्यासासाठी तिने खिडकीजवळचं टेबल रिकामं करून दिलंय. पण संध्याकाळी मालिका सुरू झाल्या की त्या घरात मालिकेतलेच लोक बोलतात. रविवारी मला अजून त्याच वेळी जाग येते. मी अंघोळ करते, वेणी घालते, आणि मग लक्षात येतं की कुठेच जायचं नाही.

*

प्रॅक्टिकलच्या दिवशीचा एक राहिला.

परीक्षा घ्यायला बाहेरगावाहून एक बाई आल्या होत्या. कडक. परीक्षेत एक प्रश्न असा होता की वाचक दुसऱ्या खोलीतून कॉम्प्युटरवर काहीतरी विचारणार, आणि ग्रंथपालाने इकडून टाइप करून उत्तर द्यायचं. कोण विचारतंय ते दिसणार नाही, फक्त "वाचक" एवढंच. नियम दोन. एक, वाचक पहिल्यांदा विचारतो ते त्याला खरं हवं असतंच असं नाही, म्हणून नेमकं काय हवंय ते त्याला विचारायचं. दोन, प्रत्येक उत्तराखाली संदर्भ लिहायचा. ही माहिती कुठून दिली ते. मनाचं काही सांगायचं नाही. संदर्भ नसेल तर मार्क गेले.

वाचक म्हणून ऑफिसमधल्या एक ताई बसणार होत्या, त्या आल्या नाहीत. परीक्षक बाई बाहेर आल्या तर पॅसेजमध्ये मी.

"टाइप करता येतं?"

मी मान हलवली.

"मग चल. मनात येईल ते विचार. वाचकासारखं."

माझी आई आत आहे, हे मी सांगणार होते. पण बाई माझं बोलणं ऐकायला थांबल्याच नाहीत. मला शेजारच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

पहिले शितप काका. मी विचारलं, "समुद्री कासवं अंडी कुठे घालतात?" उत्तर आलं, "नमस्कार. प्रश्न चांगला आहे. थांबा." मी थांबले. आणि दार उघडून काका स्वतःच आत! हातात प्राण्यांवरचं पुस्तक. मला बघून म्हणाले, "अगो बाय, तू होय!" मागून बाई धावत आल्या. "अहो, उठायचं नाही! टाइप करायचं!" काका जाता जाता म्हणाले, "वाचक आलाय आणि मी बसून राहू काय?"

मग मुबीनाताई. तिचं नीट झालं.

मग आई. काकांनी तिला काही सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही.

मी आंब्यांबद्दल विचारायचं ठरवलं होतं. मोहोर का गळतो, असं काहीतरी. पण टाइप झालं ते वेगळंच.

"दापोलीहून शनिवारी रत्नागिरीला यायला शेवटची एसटी किती वाजता?"

उत्तर झरझर आलं. आईने वेळ दिली. खाली नीट लिहिलं, "संदर्भ : आगाराचे वेळापत्रक." मग नियमाप्रमाणे, "आपल्याला नेमकी काय माहिती हवी आहे, ते सांगाल का?"

मी लिहिलं, "ती चुकली तर?"

स्क्रीनवर अक्षरं आली, "ग्रंथपाल लिहीत आहेत." मग ती गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. भिंतीपलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला होता.

मग उत्तर आलं.

"तर मिळेल त्या गाडीने चिपळूणपर्यंत. तिथून हातखंब्यापर्यंत जे मिळेल ते. पुढे काहीच नाही मिळालं तर चालत. पण शनिवारी येणार."

त्याखाली काही नव्हतं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. परीक्षक बाई आईच्या कॉम्प्युटरकडे गेल्या असणार. त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"मॅडम, या उत्तराला संदर्भ?"

"नाही," आई म्हणाली.

"मग मार्क कापावे लागतील."

"कापा."